रस्ता वर आला, घर खाली गेलं: आबादीतल्या जुन्या मातीच्या घराचं काय करावं?

धाब्यावरचा_कावळा (प्रश्न)

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. आबादीत, म्हणजे गावठाणात, आजोबांचं घर आहे: दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, सागाच्याच मयाली (छपराच्या तुळया), वर इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं). एकवीस वर्षं बंद होतं. आता वर्षातले चार-पाच महिने तिथे राहायचं आहे.

गावात बरंच बदललंय. पुलगाव-आर्वी नॅरोगेज बंद. नागपुरातून गाडीने निघालं की समृद्धीवरून विरूळला उतरायचं. पानठेल्यावर क्यूआर कोड, गल्लीत एलईडीचे खांब, घरोघरी नळ. आणि गल्लीबोळात सिमेंट रस्ता. अडचण ह्या रस्त्याचीच आहे. पूर्वी रस्त्यावरून ओसरीत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक उतरावी लागते. पावसाचं पाणी अंगणात येतं, भिंती खालून तीन-साडेतीन फुटांपर्यंत ओल्या आहेत, पोपडे पडताहेत.

ठेकेदार म्हणतो, आत दीड फूट मुरूम भरा, वर टाइल्स लावा, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारा, कवेलू काढून टिन टाका. विचारायचं ते असं:

१. ओल थांबवायचा योग्य क्रम कोणता?
२. कवेलू ठेवावेत की टिन?
३. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव आहे. मध्यंतरी ड्रोनने मोजणी झाली म्हणतात. आता नाव कुठे आणि कसं चढवायचं?
४. परसात आड आहे, तोंडावर फरशी टाकून बंद केलेला. वापरात आणता येईल का?

---

मिस्तरी_गिट्टीखदान

भाऊ, पहिले तं मुरूम भरण्याचं डोक्यातून काढून टाका. जुन्या घराचं दार साडेपाच फुटाचं राहते. दीड फूट भरलं तं चार फूट उरते. मंग दार वर उचलाव लागते, दारावरची पाटी उचलाव लागते, अन् त्या पाटीवर तं वरची सारी भिंत बसेल असते. बरं, दाराचं सोडा. मातीची भिंत कोरडी आहे तवरच उभी राहते. आतून मुरूम भरला अन् बाहेरून रस्ता हायेच, तं खालची दीड फूट भिंत दोन्हीकून दबते. तिले वाळाले जागाच नाही राहत. दोन पावसाळ्यांत खालची माती लोण्यासारखी होते अन् भिंत पोट काढते.

सिमेंट प्लास्टरचं बी तसंच. मातीवर सिमेंट धरत नाही. वरून टणक झालं तरी आत पोकळ राहते, हातानं ठोकून पाह्यजा, ढबढब आवाज येते. अन् जे ओल भिंतीतून बाहेर निघून जात होती ते अडकते, तं ओल वर चढते. तुमची तीन-साडेतीन फूट आहे म्हणता. प्लास्टर मारलं तं पाच फुटावर जाईन. कोणी आधीच मारेल असन तं पहिले ते छिन्नीनं काढा.

आता क्रम.

पैसे खर्च कराच्या आधी पातळी मापा. त्याले दहा मिलीमीटरची पारदर्शक नळी लागते, तीस-चाळीस फूट. पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. ओसरीच्या एका खांबावर पेन्सिलीनं शून्य खूण करा, छातीच्या उंचीवर. नळीचं एक टोक तथी धरून ठेवाचं, दुसरं टोक फिरवाचं: उंबरठा, रस्त्याची कड, नालीचा तळ, अंगणाचे चारी कोपरे, परसातला सगळ्यात खोल कोपरा. दर ठिकाणी पाण्याच्या पातळीपासून खाली किती इंच, ते लिहा. पाणी कुठून येते अन् कुठं जाऊ शकते, ते ह्या आठ-दहा आकड्यांतूनच समजते. ठेकेदार हे मापत नाही, काहून का मापलं तं मुरूम भरण्याचं काम निघत नाही.

मंग पाणी बाहेर काढाचं. भिंतीपासून तीन फूट रुंदीची पट्टी बाहेरच्या अंगानं उतरती करा, तीन फुटाले दोन इंच उतार. फरशी भिंतीले चिकटवू नका. मधात सहा-सात इंच गिट्टीची पट्टी सोडा, भिंतीले तथून श्वास भेटते. अंगणातून नालीपर्यंत शंभराले एक उतार चांगला, म्हणजे तीस फुटाले साडेतीन इंच. दोनशेले एक हे शेवटचं, त्याच्यापेक्षा कमी ठेवला तं गाळ बसते.

भिंतीचा पाया बदलाचं काम दिवाळी ते होळीच्या मधातच. पावसाळ्यात त्याले हात लावू नका, कोणी कितीही म्हणो. असं करतात: छपराचं वजन पहिले टेकूवर घ्या, दर पाच-सहा फुटाले बल्ली, खाली लाकडाची पाटी, वर पाचर. मंग भिंतीचा तीन फुटाचा तुकडा खालून मोकळा करा. त्याच्या बाजूचे सहा फूट सोडा, पुढचा तुकडा तिकडे घ्या. लगतचे दोन तुकडे एकाच वेळी उघडाचे नाही, भिंत बसते. मोकळ्या जागी पक्क्या विटेचं नाही तं दगडाचं काम करा, एकास सहाचा मसाला (एक सिमेंट, सहा रेती), रस्त्याच्या पातळीपेक्षा एक फूट वरपर्यंत. त्याच्यावर कडप्प्याची फरशी नाही तं दीड इंच काँक्रीट, वॉटरप्रूफ पावडर टाकून. ते ओल अडवते. फरशी अन् वरच्या मातीत जे इंचभर फट राहते, तिच्यात मसाला ओला भरू नका. भुरभुरा, जेमतेम ओला मसाला लाकडाच्या फळीनं ठोकून ठोकून बसवा. ओला भरला तं वाळून आकसते अन् वरची भिंत त्या फटीत उतरते. बहुतेक घरात तडा जाते तो अथीच. सात दिवस झाले का बाजूचा तुकडा घ्या.

चारी भिंती कराव लागत नाही. ज्या ओल्या आहेत त्याच. मातकाम जाणणारा मिस्त्री पाह्यजा, स्लॅबवाला नको.

---

पांढरीची_माती

मिस्तरींच्या सांगण्यात भर घालतो, गिलाव्याची. काळ्या मातीचा गिलावा करू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा पडतात, भिंतीवर त्याच बारीक होऊन दिसतात. आबादीतल्या पडक्या घराची जुनी पांढरी माती सर्वांत चांगली. कोणाचं घर पाडणं चालू असेल तर दोन ट्रॉल्या उचलून ठेवा, जेसीबीवाले ती रस्त्याच्या भरावात टाकून देतात.

माती चाळून तीन टोपली, रेती एक टोपलं, गव्हाचं कुटार (भुसा) एक टोपलं. आठ दिवस भिजत ठेवायचं, रोज एकदा पायाने तुडवायचं. कुटार कुजायला लागून आंबूस वास आला की चिकटपणा आला समजा. आधी भिंतीवर फूटभर चौकोनात लावून पाहा आणि तीन दिवस वाळू द्या. भेगा पडल्या तर रेती वाढवा. हात फिरवल्यावर भुकटी निघाली तर माती वाढवा. पहिला हात अर्ध्या इंचाचा, तो पुरता वाळल्यावर पाव इंचाचा दुसरा. वरून कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात. प्लास्टिक पेंट नको, ते रंगाच्या डब्यातलं सिमेंट प्लास्टरच आहे.

उधईसाठी (वाळवीसाठी) मयालीची भिंतीत रुतलेली टोकं तपासा. मधला भाग नेहमी ठणठणीत दिसतो, टोकं आतून पोखरलेली असतात. स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा, अर्धा इंच आत गेला की ती मयाल गेली.

---

कवेलू_फेरणी

दुसऱ्या प्रश्नाचं. लोक कवेलू का सोडतात? गळतीपेक्षा वानरांमुळे. एक टोळी येऊन गेली की पन्नास-साठ कवेलू फुटलेले, आणि कवेलू फेरणारा, म्हणजे काढून पुन्हा रचणारा, माणूस आता तालुक्यात शोधावा लागतो. त्यामुळे टिन टाकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या.

इंग्रजी कवेलू चौरस मीटरला साधारण १५ बसतात, शंभर चौरस फुटाला १४० धरा. एकाचं वजन अडीच ते तीन किलो. म्हणजे चौरस मीटरवर ४० किलोचा भार. अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार-साडेचार किलो. भिंतीवरचं ओझं कमी होतं हे खरं, पण जुन्या घरात छप्पर जागेवर धरून ठेवायचं काम वजनच करत होतं. मयाली भिंतीवर नुसत्या ठेवलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. वजन काढलं की मे महिन्यातली वावटळ पत्र्यासकट फाटे (पत्र्याखालची लाकडं) उचलते. टिन टाकायचंच असेल तर प्रत्येक मयाल खांबाला लोखंडी पट्टीने आवळून घ्या आणि कडेच्या दोन ओळींत हुक दुप्पट मारा. वारा कडेकडूनच आत शिरतो.

दुसरं ऊन. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नुसत्या टिनाखाली दुपारी बसता येत नाही. बांबूच्या ताट्यांचं छत खाली घ्या, ताट्या आणि टिन ह्यांत फूटभर हवा खेळू द्या आणि दोन्ही तिकोन्या भिंतींत जाळी ठेवा. हवा बंद केली तर ताट्यांचा उपयोग अर्धाच.

माझा कल असा: निम्म्याहून जास्त कवेलू शाबूत असतील तर फेरून घ्या, फुटक्यांच्या जागी पडक्या घरातले जुने आणा. आणताना ठसा आणि माप जुळवून पाहा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कवेलूंच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि पाणी तिथूनच उतरतं. ओसरीवर वानरं जास्त नाचतात, तेवढ्यावर टिन टाकलं तरी चालतं.

---

चुन्याची_रेघ

तिसरा प्रश्न. इथे लोकांची पहिली चूक नावातच होते. नमुना ८ आणि ८-अ हे वेगळे कागद. नमुना ८ ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी. ८-अ पटवाऱ्याकडचा शेताचा खाते उतारा. (पटवाऱ्याचं पद २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण पाटीवर काहीही असो, लोक पटवारीच म्हणतात.) नमुना ८ म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. कर कोणाच्या नावावर आकारला जातो, इतकंच त्यातून कळतं. त्यावर नाव चढवून निश्चिंत झालेले बरेच जण पुढे अडकतात.

ड्रोनची मोजणी म्हणजे स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० ला जाहीर झालेली. तिच्यातून गावठाणातल्या प्रत्येक जागेची मिळकत पत्रिका तयार होते. आपल्याकडे तिला आखीव पत्रिका म्हणतात. शहरात ती आधीपासून होती, बहुतेक खेड्यांत ती आता आली. बंद घरांची गोची इथेच होते. ड्रोनला वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कवेलूची पागोळी भिंतीच्या दीड-दोन फूट बाहेर असते. म्हणून उड्डाणाआधी जागेवर हद्दीच्या चुन्याच्या रेघा मारून घेतात. ज्याच्या घराला कुलूप, त्याच्या हद्दीची रेघ शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पडते. शेजारी वाईट असतो असं नाही. त्याला तुमच्या परसाची मागची हद्द माहीतच नसते, किंवा त्याच्या बापाने सांगितलेली वेगळी असते.

म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आधी जा. गावाचं नाव सांगून विचारा: हद्द आणि हक्काची चौकशी पूर्ण झाली का, तुमच्या जागेला कोणता क्रमांक पडला, क्षेत्र किती चौरस मीटर, धारक कोण. पत्रिकेसोबत नकाशाही मागा. नुसत्या पत्रिकेवर आकडा असतो, आकार नसतो. घरी येऊन टेपने मापा. विशेष पाहायचं ते परसू, आड, सामाईक भिंत आणि समोरचा ओटा. ओटा बऱ्याचदा रस्त्यात गेलेला असतो.

चूक निघाली तर चौकशीच्या आदेशावर अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची. उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच जोडा. बाहेरगावी राहत असल्याने नोटीस मिळाली नाही हे कारण लिहायचं असेल तर त्याला आधार लावा, तुमच्या पत्त्याचे त्या काळातले पुरावे.

वारसाची नोंद आखीव पत्रिकेवर भूमी अभिलेख कार्यालयात होते, ते काम परिरक्षण भूमापक पाहतो. शेताची वारस नोंद वेगळी, पटवाऱ्याकडे. एकाची केली म्हणून दुसऱ्याची होत नाही. लागतं काय: अर्ज, आजोबांचा आणि मधल्या पिढीतल्या प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, पत्रिकेची नक्कल. आत्याचं नाव वगळू नका. वगळलेलं नाव उघड झालं की फेरफार रद्द होतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात. आत्याला हक्क नको असेल तर तिचं नाव आधी चढवा, मग नोंदणीकृत हक्कसोड करा. साध्या स्टॅम्पपेपरवर सही घेतलेली हक्कसोड चालत नाही.

आजोबांचा मृत्यू जुना असेल आणि ग्रामपंचायतीत सापडत नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजी पाहा. जुन्या काळी कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा आणि त्या वह्या तहसीलला जमा आहेत. साल नक्की माहीत नसेल तर अंदाजाच्या आधी-नंतरची दोन-दोन वर्षं मागा. नावं त्यात चालू भाषेत असतात, कागदोपत्री 'नारायण' असलेला माणूस तिथे 'नारू' म्हणून सापडेल.

---

ग्रामसभा_हजर

घर खाली गेलं कसं ते समजल्याशिवाय ते पुन्हा जाणार नाही ह्याची खात्री नाही. आत्ता एक फूट वर काढाल आणि तीन वर्षांनी रस्त्याचा आणखी एक थर येईल.

गावातला रस्ता एका पैशातून होत नाही. एकदा २५१५ मधून (राज्य सरकारचं ग्रामविकासाचं लेखाशीर्ष), एकदा आमदार निधीतून, एकदा वित्त आयोगातून. दर वेळी अंदाजपत्रक नवं, ठेकेदार नवा. जुनं काँक्रीट फोडून उचलून न्यायचा खर्च अंदाजपत्रकात धरलेलाच नसतो, म्हणून जुन्यावर नवं टाकतात. एक थर पाच-सहा इंचांचा. तीन वेळा झालं की दीड फूट. कोणी मुद्दाम कोणाचं घर बुडवत नाही, पण उंबरठ्यांची पातळी पाहायचं काम कोणाचंच नसतं.

करायचं काय: रस्त्याचं काम मंजुरीच्या यादीत आलं की, सुरू व्हायच्या आधी, अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात जुना थर खोदण्याची बाब आहे का पाहा. नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन ठरावात घ्या: जुना थर काढूनच नवा थर टाकावा, रस्त्याची कड लगतच्या घरांच्या उंबरठ्याच्या खाली राहावी. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही. एकट्याने अर्ज देण्यापेक्षा गल्लीतल्या ज्यांची ज्यांची घरं खाली गेली त्या सर्वांच्या सह्या घ्या, दर गल्लीत अशी चार-सहा घरं निघतातच.

नालीकडेही पाहा. बहुतेक ठिकाणी नाली घराच्या भिंतीला खेटून बांधलेली असते. तिचे सांधे दर आठ-दहा फुटांवर उघडतात आणि पाणी थेट पायाखालच्या काळ्या मातीत जातं. माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तिरपी चीर पडते. ओळखायचं कसं: चीर खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर जात असेल आणि पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडत असेल तर दुखणं पायाखाली आहे, भिंतीत नाही. नालीचे सांधे बुजवायला ग्रामपंचायतीची वाट पाहू नका. नाली एक दिवस कोरडी ठेवून सांधे व्ही आकारात कोरा, एकास तीनचा मसाला भरा. पोतंभर सिमेंट पुरतं.

---

रहाट

आड उघडताना फरशी काढली आणि लगेच माणूस उतरवला, असं करू नका. बंद विहिरीत खाली पुरेसा प्राणवायू नसतो. फरशी काढून दोन-तीन दिवस उघडी ठेवा, रोज पाल्याची फांदी दोरीने खालीवर हलवून हवा ढवळा. मग कंदील सोडा. विझला तर उतरायचं नाही. न विझला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच, कारण कंदिलाला सगळे विषारी वायू कळत नाहीत. डिझेल इंजिन आत उतरवून उपसा करणं तर नकोच, त्याचा धूर आडातच साचतो आणि माणसं जातात. पाण्यातली विजेची मोटर लावा, आणि आत माणूस असताना ती बंद ठेवा.

गाळ काढून पूर्ण उपसा झाल्यावर ब्लीचिंग पावडर, गावात टीसीएल म्हणतात ती. हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर येतात. दर घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, अडीच ग्रॅम चांगली पावडर. दोन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साडेबारा हजार लिटर, म्हणजे ३१-३२ ग्रॅम. चांगली म्हणजे डबा बंद असलेली, नाक झोंबणारी. उघड्या पोत्यातली पावडर नुसता चुना उरते.

पावडर तशीच फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरून दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती आडात सोडा आणि खालीवर करून ढवळा. चुन्याचा साका आडात टाकायचा नाही, पाणी जड होतं. तासभर थांबून मगच पाणी काढा आणि ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहणारी) करून घ्या.

आता आधुनिक गावातली मेख. २०१४ नंतर घरोघरी शौचालयं झाली. शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या आडापासून किती अंतरावर आहे ते मापा. पन्नास फुटांच्या आत असेल तर तो आड पिण्यासाठी वापरू नका, कितीही टीसीएल टाका. नायट्रेट त्याने जात नाही. तसं असेल तर पिण्याला नळ आणि वापरायला आड. अंतर चांगलं असलं तरी एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा तपासून घ्या. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात नाही हे नशीब, अकोल्याकडे कित्येक गावांत आड भरलेला असून पाणी तोंडात घेववत नाही.

---

फेज_न्यूट्रल

कोणी विजेचं बोललं नाही म्हणून. ओल्या मातीच्या भिंतीवर जुनी पट्टीवरची वायरिंग असेल तर भिंतीला हात लावून झिणझिण्या येतात. मीटर पुन्हा सुरू करण्याआधी जुनी वायर सगळी काढा, मेन स्विचनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. अर्थिंगला अडीच मीटरचा जीआय पाइप उभा गाडून भोवती कोळसा आणि मीठ थरांनी. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून लोक तो काढून टाकतात. तो पडतो म्हणजे भिंतीत किंवा एखाद्या उपकरणात करंट उतरतोय.

---

धाब्यावरचा_कावळा

सर्वांचे आभार. मुरुमाचं रद्द केलं. भूमी अभिलेखात चौकशी केली, पत्रिका तयार आहे, नकाशाची नक्कल मागितली आहे. काल चुलत भावाने नळीने पातळी मापून पाठवली. शून्य खूण ओसरीच्या दाराजवळच्या खांबावर, तिथून खाली इंचांत:

रस्त्याची कड २८. उंबरठा ३९. नालीचा तळ ५०. पुढच्या अंगणाचा खोल भाग ४६. परसाचा खोल कोपरा ५६. ओसरीचं जोतं दाराजवळ ४१, नालीकडच्या टोकाला ४८.

परसाचं पाणी नालीत जाणार नाही असं दिसतं. तिथे शोषखड्डा करू का?

---

मिस्तरी_गिट्टीखदान

पुढचं अंगण जमते. अंगण ४६, नाली ५०, चार इंच भेटले, तीस फुटात काम होते. रस्ता उंबरठ्याच्या अकरा इंच वर आहे, तं फाटकाशी एक ठसठशीत उंचवटा करा, रस्त्याच्या कडेपेक्षा तीन इंच वर, दोन्हीकून उतरता. रस्त्याचं पाणी तथीच परतते.

परसाचं तुमचं बरोबर आहे, नालीत चढणार नाही. पण शोषखड्डा काळ्या मातीत साधा तीन बाय तीनचा केला तं दोन पावसांत भरून बसते, काळी माती पाणी घेतच नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा, मंग गिट्टी भरा. अन् आडापासून पन्नास फूट दूर. तेवढी जागा नसन तं खड्डा करू नका, परसाच्या पाण्याले मागच्या हद्दीनं वाट काढा. मागं काय आहे ते नकाशात पाहून घेजा, शेजाऱ्याच्या परसात सोडलं तं भांडण.

पण मले तुमचा शेवटचा आकडा खटकते. ओसरीचं जोतं एका टोकाले ४१ अन् दुसऱ्या टोकाले ४८? सात इंच फरक म्हणजे ओसरीवर ठेवेल लोटा घरंगळत जाईन, अन् तुम्ही तं तसं काही लिहिलं नाही. नळीत बुडबुडा असन. भावाले सांगा, दोन्ही टोकं शून्य खुणेजवळ एकत्र धरून पाहाची, पाणी एका रेघेत आलं पाह्यजे. नाही आलं तं सारेच आकडे पुन्हा घ्या. आलं, अन् सात इंच खरे निघाले, तं त्या टोकाखालची माती नालीनं नेली आहे. मंग बाकी सारं राहू द्या. उद्याच त्या टोकाच्या खांबाले टेकू लावा, अन् नालीचे सांधे तथूनच बुजवाले घ्या.